रणगाड्यांची स्केल मॉडेल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत हे प्रश्न मला पुन्हापुन्हा येत राहिले. शाळेतल्या मुलांकडून आले, निवृत्त झाल्यावर छंद शोधणाऱ्यांकडून आले, आणि किट विकत घेऊन खोका उघडायला घाबरणाऱ्यांकडून तर फार आले. उत्तरं बहुतेक दुसऱ्या महायुद्धातल्या आणि आपल्या १९४८, १९६५, १९७१ च्या लढायांमधल्या रणगाड्यांविषयी आहेत. एखाद्या गोष्टीचा खुलासा दुसऱ्या प्रश्नात असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मला काहीच येत नाही. पहिलं किट कोणतं घेऊ?

टी-३४ घ्या. सोव्हिएत रणगाडा, प्रत्येक बाजूला पाच मोठी चाकं, वरच्या बाजूला पट्टा पेलणारी छोटी चाकं नाहीत, आणि बहुतेक वेळा अंगभर एकच हिरवा रंग. भाग कमी, चुका लपायला जागा भरपूर. अमेरिकन शर्मनही चालेल, फक्त त्याच्या बोगींमध्ये, म्हणजे चाकं जोडीने बसवलेल्या सांगाड्यांमध्ये, बारीक भाग जास्त आहेत.

जर्मन टायगरने सुरुवात करू नका. सगळ्यांना पहिला टायगरच हवा असतो, हे मला माहीत आहे. पण सुरुवातीच्या टायगरला एकात एक अडकवलेली एकूण ४८ चाकं असतात आणि प्रत्येकाच्या कडेची रबरी धाव वेगळी रंगवावी लागते. चाकांपाशीच कंटाळून किट माळ्यावर टाकलेले लोक मी पाहिले आहेत. दुसरं किंवा तिसरं मॉडेल म्हणून टायगर उत्तम. पहिल्या किटच्या खोक्यावर ‘फोटो-एच’ (रसायनाने कोरलेल्या पातळ) धातूच्या पट्ट्या भरपूर असल्याचं लिहिलं असेल, तर तेही सध्या बाजूला ठेवा.

२. १/३५, १/४८, १/७२ यात फरक काय? घरात जागा कमी आहे.

१/३५ म्हणजे खऱ्या वस्तूचा पस्तिसावा भाग. पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक १/३५ मध्ये बरोबर ५ सेंटिमीटर होतो, १/७२ मध्ये जेमतेम अडीच. टी-३४/८५ नळीसकट सुमारे ८.१ मीटर लांब, म्हणजे १/३५ मध्ये २३ सेंटिमीटर आणि १/७२ मध्ये ११ सेंटिमीटर.

रणगाड्यांचं जग मुख्यतः १/३५ चं आहे. हे प्रमाण कुणी गणित करून ठरवलं नव्हतं. जपानच्या तामियाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर काढला, त्याच्या पोटात बॅटऱ्या मावाव्यात म्हणून हलचा, म्हणजे रणगाड्याच्या धडाचा, आकार ठरला, आणि तोच पुढे सगळ्यांचा मापदंड झाला. जागेची अडचण असेल तर १/७२ घ्या, कपाटाच्या एका कप्प्यात दहा मावतात. मात्र १/७२ च्या मशिनगन हाताळायला चिमटा आणि संयम दोन्ही चांगल्या प्रतीचे लागतात.

३. हत्यारं काय काय लागतील?

निपर (भाग कापून काढायची छोटी पक्कड), धारदार कटर, चिमटा, ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर, आणि खाली घ्यायला कटिंग मॅट. बस. निपरवर मात्र थोडे जास्त पैसे घाला. भाग फ्रेमपासून (ते ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यापासून) सोडवताना दोनदा कापायचं, पहिल्यांदा लांबून आणि मग उरलेला ठोंब जवळून. एकाच झटक्यात भागाला लागून कापलं, तर प्लास्टिक पांढरं पडतं आणि कधी भागाचा टवकाच निघतो.

४. फेविक्विकने चिकटवलं तर चालत नाही का?

प्लास्टिकला प्लास्टिक जोडायचं असेल तर नको. मॉडेलसाठी मिळणारं पातळ सिमेंट प्लास्टिक थोडं विरघळवतं आणि दोन भाग एकजीव होतात. दोन्ही भाग आधी एकमेकांना लावून धरा, ब्रशचं टोक फक्त फटीला टेकवा. सिमेंट आपोआप आत ओढलं जातं. हे पहिल्यांदा डोळ्यांसमोर घडताना पाहिलं की मजा वाटते: काचेसारखी एक ओली रेघ फटीतून सरसर पुढे पळते.

फेविक्विक धातूच्या फोटो-एच भागांना आणि रेझिनच्या भागांना लागतं, कारण त्यांच्यावर सिमेंटचा परिणाम होत नाही. तिथेही थेंब बाटलीतून सोडू नका, सुईच्या टोकावर घेऊन लावा.

५. दोन भागांच्या जोडावर रेघ दिसते. सगळ्याच रेघा भरायच्या का?

इथेच खऱ्या रणगाड्याचा फोटो बघायची सवय लागते. तोफेची नळी दोन अर्ध्यांची असेल, तर तिथली रेघ पूर्ण घासून गेलीच पाहिजे. खरी नळी अखंड पोलादाची असते. पण ओतीव टरेटवर (तोफेच्या फिरत्या बुरुजावर) ओतकामाची खडबड असते, आणि टी-३४ च्या टरेटवर तर साच्याच्या जोडाची रेघ खरोखरच दिसते. ती गुळगुळीत केली तर आपण चूक दुरुस्त केलेली नसते, नवी चूक केलेली असते. खडबड हवी असेल तर टरेटवर जाडसर पुट्टी पातळ करून लावा आणि ताठ केसांच्या ब्रशने टिचक्या मारा.

६. आधी पूर्ण जोडू आणि मग रंगवू, की उलट?

जवळजवळ सगळं जोडा, पण चाकं, पट्टे आणि टरेट वेगळे ठेवा. वरची अवजारं, फावडं, कुऱ्हाड, हातोडा हे मी चिकटवूनच टाकतो आणि नंतर बारीक ब्रशने रंगवतो. वेगळे ठेवले की चिकटवताना रंगावर डाग पडतात. सेंच्युरियनसारख्या रणगाड्याला बाजूने चिलखती पत्रे असतात, ते मात्र शेवटी लावा, नाहीतर आतली चाकं रंगवायला ब्रश पोहोचणार नाही.

७. पट्टे खरे वाटत नाहीत, तरंगल्यासारखे दिसतात.

मॉडेल खोटं दिसण्याचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे. पन्नास टनांच्या गाडीचा पट्टा हवेत ताठ उभा राहत नाही. टी-३४, पँथर, टायगर यांच्या पट्ट्यांचा वरचा भाग स्वतःच्या वजनाने खाली झुकतो आणि चाकांवर टेकतो. रबरी पट्टा असेल तर चाकांच्या वरच्या बाजूला फेविक्विकचा सूक्ष्म ठिपका लावून काडीने दाबून धरा. तुकड्यातुकड्यांचे प्लास्टिकचे पट्टे असतील तर सिमेंट अर्धवट सुकलेलं असताना चाकांवर वळवा आणि मधे कापूस कोंबून झोल द्या. रात्रभर तसंच ठेवा.

अपवाद लक्षात ठेवा. शर्मनच्या पट्ट्यांच्या खिळ्यांभोवती रबर असतं, त्यामुळे तो बराच ताणलेला राहतो. शर्मनला टी-३४ सारखा झोल दिला तर जाणकाराच्या डोळ्याला लगेच खुपतं. पट्ट्याचं रबर प्लास्टिकला खातं अशी तक्रार असेल तर प्रश्न १८ पाहा.

८. एअरब्रश (रंग फवारायचं छोटं हत्यार) नसेल तर हा छंद करता येतो का?

येतो. ब्रशसाठी बनलेले पाण्याचे ॲक्रिलिक रंग घ्या, दुधाइतके पातळ करा, आणि तीन-चार पातळ हात द्या. प्रत्येक हात सुकू द्या. एकाच जाड हातात काम उरकायला गेलात तर रिव्हेट आणि वेल्डच्या कडा बुजतात, आणि त्या परत मिळत नाहीत. एकरंगी रणगाडे ब्रशने सुंदर होतात. जर्मन रणगाड्यांवरचे फवाऱ्याने मारलेले धूसर कडांचे पट्टे ब्रशने काढणं मात्र खरोखर अवघड आहे. तिथे एअरब्रश लागतो. ०.३ मिलिमीटरची सुई आणि १५ ते २० पीएसआय दाब, सुरुवातीला एवढ्यावर भागतं.

९. रंग पातळ करायला थिनर कोणता? माझा रंग दह्यासारखा फाटला.

तुम्ही वायेहो कंपनीच्या रंगात आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलं असणार. तामियाचे ॲक्रिलिक अल्कोहोलमध्ये छान पातळ होतात, वायेहोचे त्यात घट्ट गोळा होतात. दोन्ही बाटल्यांवर ‘ॲक्रिलिक’ लिहिलेलं असतं, पण आतलं रसायन वेगळं आहे. शंका असेल तर त्याच कंपनीचं थिनर घ्या, किंवा बाटलीच्या झाकणात दोन थेंब मिसळून आधी बघा.

इनॅमल आणि ऑइल कलरसाठी रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन चालतं. एनसी थिनर एअरब्रश धुवायला उत्तम, पण मॉडेलच्या उघड्या प्लास्टिकवर पडलं तर ते वितळतं. तो वापरताना खिडकी उघडी ठेवा आणि केमिकल फिल्टरचा मास्क लावा. कापडी मास्क वाफ अडवत नाही.

१०. पावसाळ्यात वार्निश मारल्यावर मॉडेल पांढरं पडलं. वाया गेलं का?

वाया गेलेलं नाही. माझ्या बाबतीत हे एका जुलैमध्ये, तीन दिवस झड लागलेली असताना झालं. दोन महिने खपून केलेला शर्मन, शेवटचा मॅट (बिनचमकीच्या) वार्निशचा फवारा मारला आणि पाच मिनिटांत त्याच्यावर तांदळाच्या पिठासारखा थर आला. मी तो कपाटात ठेवून दिला आणि आठवडाभर तिकडे पाहिलं नाही.

लॅकर वार्निशमधलं द्रावण झपाट्याने उडतं, पृष्ठभाग थंड होतो, आणि दमट हवेतलं पाणी वार्निशमध्येच अडकतं. म्हणून तो पांढरेपणा. कोरडा दिवस बघून वरून ग्लॉस (चमकदार) वार्निशचा पातळ हात दिला की बहुतेक वेळा खालचा रंग जसाच्या तसा परत दिसतो. मग पुन्हा मॅट. माझा शर्मन तसाच वाचला. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर लॅकर वार्निश शक्यतो मारूच नये. मारायचंच असेल तर दुपारी, खोलीत एसी किंवा डीह्युमिडिफायर चालवून. त्या दिवसांत इनॅमललाही सुकायला दुप्पट वेळ द्या. पावसाळा मी जोडकामाला ठेवतो आणि रंगकाम दिवाळीनंतर.

११. डिकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांच्या) कडेला चांदीसारखी चमक दिसते.

मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो. डिकलखाली हवा अडकते आणि ती चमकते. डिकल लावायच्या जागी आधी ग्लॉस वार्निश द्या, डिकल लावा, मऊ करणारं सोल्यूशन वरून लावा आणि सुरकुत्या पडल्या तरी हात लावू नका. सुकताना ती स्वतःच ताणली जाऊन रिव्हेटवर बसते. जुन्या किटचे डिकल पिवळे पडले असतील तर पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आठ-दहा दिवस चिकटवून ठेवा, पिवळेपणा बराच उतरतो.

१२. वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग), ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर घासलेला रंग), पिगमेंट (रंगाची कोरडी पूड)... क्रम काय?

रंग, ग्लॉस, डिकल, पुन्हा ग्लॉस, वॉश, मॅट, खरचटे, आणि शेवटी धूळ-चिखल. वॉशसाठी महागडी बाटली लागत नाही. कॅमलच्या ऑइल कलरमधला बर्न्ट अंबर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढा, अर्धा तास ठेवा म्हणजे जवसाचं तेल पुठ्ठ्यात शोषलं जातं आणि रंग मॅट होतो. मग टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करा. बारीक ब्रशचं टोक रिव्हेटच्या बुडाला टेकवलं की वॉश स्वतःच भोवती फिरतो. जास्तीचा टर्पेंटाइनच्या ओलसर ब्रशने वरून खाली पुसा, कारण पावसाचे ओघळही वरून खालीच येतात. खाली ॲक्रिलिक आणि वार्निश असल्याने टर्पेंटाइन त्यांना धक्का लावत नाही. इनॅमल रंगावर इनॅमलचा वॉश दिला तर मात्र मूळ रंग उठतो.

१३. गंज आणि खरचटे किती दाखवू?

तुम्हाला वाटतंय त्याच्या एक चतुर्थांश. १/३५ मध्ये १ मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटर. असे दोनशे टवके एका रणगाड्यावर? युद्धातल्या बऱ्याच रणगाड्यांचं आयुष्य महिन्यांत मोजलं जायचं, काहींचं आठवड्यांत. गंजून पत्रा खायला तेवढा वेळच नसायचा. धूळ मात्र पहिल्याच दिवशी बसते. माणसं चढतात ती जागा, झाकणांच्या कडा, अवजारं ठेवायच्या जागा, तिथेच खरचटे द्या. गॅसच्या पाइपला गुंडाळायला येतो तसल्या फोमचा तुकडा फाडून, गडद तपकिरी रंगात बुडवून, कागदावर जवळजवळ कोरडा करून हलके टेकवा. पट्टे, एक्झॉस्ट आणि जळालेली गाडी यांना गंज शोभतो.

१४. धूळ, गवत, माती यासाठी घरातलं काही चालेल का?

यात आपलं स्वयंपाकघर आणि अंगण फार उपयोगी आहे. मुलतानी माती म्हणजे जवळजवळ तयार पिगमेंट, फिकट धुळीचा रंग. गेरू हा मुळात लोहाचा ऑक्साइडच, त्यामुळे एक्झॉस्टवरच्या गंजाला अगदी योग्य. वस्त्रगाळ करून घ्या, कोरडंच ब्रशने लावा, टर्पेंटाइनचा एक थेंब सोडला की बसतं. वापरलेली चहापूड वाळवून चाळली की जंगलातला पाचोळा होतो. नारळाचा काथ्या कापून उभा लावला की उंच वाळलेलं गवत. रांगोळीचे रंग मात्र वापरू नका, कण जाड आणि रंग भडक असतात.

अँटेनासाठी उरलेली फ्रेम निरांजनाच्या ज्योतीवर, ज्योतीला न टेकवता, फिरवत धरा. मधला भाग चकाकायला लागला की बाजूला घेऊन सावकाश ओढा. केसाइतकी बारीक तार तयार होते.

१५. जर्मन रणगाड्याचा बरोबर रंग कोणता?

तारीख सांगा, मग रंग सांगतो. फेब्रुवारी १९४३ पर्यंत युरोपात गडद करडा, आफ्रिकेत वाळूचे रंग. त्यानंतर कारखान्यातून गडद पिवळा, आणि त्यावर हिरवे-तपकिरी पट्टे बरेचदा रणगाड्याच्या तुकडीनेच मारलेले. त्यांना रंग घट्ट लगद्याच्या रूपात डब्यातून मिळायचा. तो पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये कालवून फवारायचा. म्हणून एकाच तुकडीतल्या दोन रणगाड्यांचे पट्टे वेगळे आणि छटाही वेगळ्या. ‘हीच एक बरोबर छटा’ असा वाद घालणाऱ्यांना मी हेच सांगतो.

काळ्यापांढऱ्या फोटोवरून रंगाचा निकाल लावू नका, त्यात हिरवा आणि तपकिरी एकसारखे करडे दिसू शकतात. आणि बाटलीतला रंग थोडा पांढरा किंवा बफ (फिकट मातकट पिवळा) घालून उजळा, लहान वस्तूवर मूळ छटा खऱ्यापेक्षा गडद दिसते.

हाच नियम झिमरिटला, म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नये म्हणून लावलेल्या रेघारेघांच्या लेपाला. कारखान्यात तो साधारण १९४३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू झाला आणि सप्टेंबर १९४४ मध्ये बंद. जुलै १९४३ च्या, रशियातल्या कुर्स्कच्या लढाईतल्या टायगरवर झिमरिट थापलं, तर काम कितीही सुबक असलं तरी ते मॉडेल चूक आहे. म्हणून किट उघडण्याआधी ठरवा: कोणता रणगाडा, कोणत्या महिन्यात, कुठे. या छंदात माझा आग्रह कशाचा असेल तर याचा.

१६. भारतीय सैन्याचे रणगाडे बनवायचे आहेत. किट मिळतात?

‘भारतीय’ असं लिहिलेला खोका शोधू नका, रणगाडा शोधा. नोव्हेंबर १९४८ मध्ये झोजी ला खिंडीत ७ लाइट कॅव्हलरीने स्टुअर्ट नेले. टरेट काढून, गुपचूप श्रीनगरपर्यंत आणून. एम५ए१ स्टुअर्टची किट मिळतात, आणि टरेट वेगळं ठेवलेला, ताडपत्रीखाली झाकलेला स्टुअर्ट हा देखावा कुणीतरी करायलाच हवा. १९६५ मध्ये असल उत्तरला डेक्कन हॉर्सचे शर्मन, ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन आणि ८ लाइट कॅव्हलरीचे एएमएक्स-१३ लढले. समोर पाकिस्तानचे पॅटन. १९७१ च्या गरीबपूरसाठी ४५ कॅव्हलरीचे पीटी-७६, त्याचं १/३५ किट ट्रंपीटरने काढलं आहे. सेंच्युरियनसाठी एएफव्ही क्लब या कंपनीकडे बघा.

पूना हॉर्सचा सेंच्युरियन करणार असाल तर जपून करा. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १६ सप्टेंबर १९६५ ला धारातीर्थी पडले. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियनमध्ये लढताना. दोघांनाही परमवीर चक्र, मरणोत्तर. अशा रणगाड्याचं नाव आणि खुणा अंदाजाने रंगवू नयेत. फोटो मिळेपर्यंत थांबावं. भारतीय खुणांचे डिकल बहुतेक किटमध्ये नसतात, पण त्या साध्या आकाराच्या असतात. मास्किंग टेप कापून रंगवता येतात.

खरा रणगाडा बघायचा असेल तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहेच. १९९४ पासूनचं. तिथे मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, पकडलेले पॅटन उघड्यावर उभे आहेत. मोजपट्टी आणि वही घेऊन जा. वेल्डची जाडी, ओतकामाची खडबड, उन्हाने विटलेल्या रंगाची छटा, हे पुस्तकातून कळत नाही. फक्त संग्रहालयातले रणगाडे पुन्हा रंगवलेले असतात, त्यामुळे आकार तिथून घ्या, रंग युद्धकाळातल्या नोंदींतून.

१७. जर्मन रणगाडा बनवणं म्हणजे नाझींचं उदात्तीकरण नाही का? आणि स्वस्तिकाचं काय?

प्रश्न योग्य आहे आणि टाळू नये. मी जर्मन रणगाडे करतो, कारण त्या यंत्राविरुद्ध लढलेल्यांना काय तोंड द्यावं लागलं, ते समजून घ्यायचं असतं. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या संग्रहालयातला टायगर १३१ हा एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांनी पकडलेला आहे, आणि त्याचं मॉडेल करताना ती गोष्ट सांगता येते. पण एसएसच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेच्या, तुकड्यांचा ‘शौर्य’ म्हणून देखावा मांडणं मला मान्य नाही आणि अशा कामाला मी मदत करत नाही.

रणगाड्याच्या अंगावर असतो तो सरळ बाहूंचा क्रॉस. नाझींचं चिन्ह रणगाड्यावर मुख्यतः विमानांना ओळख पटावी म्हणून इंजिनावर अंथरलेल्या झेंड्यावर दिसायचं. ते आपल्या दारातलं स्वस्तिक नव्हे. घरी आलेल्या पाहुण्यांना हा फरक समजावायची तयारी नसेल तर झेंडा लावू नका, मॉडेलचं काही बिघडत नाही.

१८. माळ्यावर जुनं पूर्ण झालेलं मॉडेल सापडलं, पट्ट्याने चाकं वितळवली आहेत. असं का?

काही जुन्या मऊ पट्ट्यांमधलं मऊपणा आणणारं रसायन वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतं आणि चाकांचं प्लास्टिक विरघळवतं. उष्ण माळ्यावर हे लवकर होतं. न उघडलेल्या किटमध्येही पट्टा आणि फ्रेम एकाच पिशवीत असतील तर वेगळ्या करा. बनवताना चाकं आणि पट्टा दोन्ही रंगवलेले असले तर थोडा अडसर होतो, पण खात्रीचा उपाय म्हणजे प्लास्टिकचे तुकडेवाले पट्टे घेणं.

सापडलेलं मॉडेल टाकू नका. पट्टा कापून काढा, चिकट झालेला भाग आठवडाभर मोकळ्या हवेत कडक होऊ द्या, मग पुट्टी भरून घासा. चाकाचा फक्त खालचा भाग गेला असेल तर तो जमिनीच्या बाजूला वळवा आणि रणगाडा चिखलात रुतलेला दाखवा. चिखलासाठी फेविकॉल, चाळलेली माती आणि चिमूटभर काथ्या पुरे.